वाघ सोडल्याची वदंता

इतिहासाच्या साधनांत अफवेला सहसा स्थान दिले जात नाही. आमच्या मते ते द्यावयास हवे. मात्र तिने सांगितलेल्या घटनेसाठी नव्हे, तर ज्या अनुभवातून ती उपजली त्यासाठी. ‘वनखात्यानेच रात्री गाडीतून जनावर आणून सोडले’ ही वदंता याचा उत्तम नमुना होय.

2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात निर्मल जिल्ह्यात एक वाघ अवतरला. किनवटच्या रानातून निघालेला हा ‘जॉनी’ नावाचा नर बोथवरून कुंताळा, सारंगापूर, मामडा या भागांत हिंडला व नागपूर-हैदराबाद राजमार्ग ओलांडून उटनूरकडे गेला. मादीच्या शोधार्थ त्याने सुमारे 300 किलोमीटरांची पायपीट केली, असा वनाधिकाऱ्यांचा निष्कर्ष. किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेने ओढलेली रेघ वाघाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते! शिवाय प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची ठेवण निराळी असल्याने छायाचित्रांवरून त्याचे मूळ रान शोधता येते. टिपेश्वरचा गळपट्टा बांधलेला वाघ तर 2019 साली सुमारे 1300 किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता.

तरीही संशय निराधार म्हणून उडवून लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जुन्नर परिसरात 2001 पासून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत खरोखरच नेऊन सोडले गेले, आणि त्याची दवंडी कोणी पिटली नव्हती. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2011 मधील अभ्यासानुसार, त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. कुनोतील चित्ते (2022) किंवा नागझिऱ्यातील वाघिणी (2023) उघडपणे सोडल्या गेल्या. पण ज्याच्या शेतालगत एकदा न सांगता बिबट्या आला, तो अशा समारंभांवरून निश्चिंत कसा व्हावा?

निर्मलच्या बाजूस या अविश्वासाला आणखी एक कारण आहे. कवाल अभयारण्य 2012 साली व्याघ्रप्रकल्प झाले. त्याच्या गाभ्यात वाघ कायमचा क्वचितच राहिला. महाराष्ट्रातून येणारे वाघ बहुधा वाटसरूच ठरले. गाभ्यातली माणसे मात्र उठविली गेली. कडेम मंडळातील रामपूर व मैसमपेठ येथील आदिवासी कुटुंबांचे पुनर्वसन 2024 मध्ये झाले. काहींनी जमीन घेतली, काहींनी 15 लाख रुपये. त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर किनवटचा वाघ जिल्ह्यात शिरला.