कौन्सिलचा ठराव आणि विधिमंडळाचा कायदा

१/ दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या ग्रामस्थाचे विभागीय आयुक्तांकडे काम निघाले, तर पुण्यात त्याने ज्या आवारात जावयाचे, त्याला दोन नावे आहेत : 'कौन्सिल हॉल' आणि 'विधान भवन'. वरवर पाहता एक इंग्रजी, तर दुसरे त्याचेच मराठी रूप. वस्तुतः या दोन नावांचा अर्थ एक नाही.

२/ 'कौन्सिल' म्हणजे मूलतः सल्लामसलत करणारे मंडळ. 'लेजिस्लेचर' या शब्दाच्या मुळाशी मात्र लॅटिनमधील 'लेक्स', म्हणजे कायदा, आहे. एकाचे काम सल्ला देण्याचे, दुसऱ्याचे कायदा करण्याचे.

३/ मुंबई इलाख्यात प्रथम आले ते कौन्सिल. १८६१ च्या कायद्यानुसार त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झाली. नाना शंकरशेट यांच्यासारखे हिंदी सभासद त्यात होते. पण ते सरकारने नेमलेले. प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा मिळण्यास १८९२ उजाडले.

४/ १९१९ च्या सुधारणांनी लोकनियुक्त सभासदांचे बहुमत आले, तरी नाव कौन्सिलच राहिले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव तेथे संमत झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुल्या असाव्यात.

५/ परंतु ठराव म्हणजे शिफारस. तो न पाळणाऱ्यास शिक्षा नव्हती. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तेथे ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांना सत्याग्रह करावा लागला. पाणी पिऊन परतणाऱ्यांवर हल्लेही झाले.

६/ १९३५ च्या कायद्याने इलाख्याला द्विसदनी विधिमंडळ मिळाले. जुलै १९३७ मध्ये 'लेजिस्लेटिव्ह असेंब्ली'चे पहिले अधिवेशन पुण्याच्या याच कौन्सिल हॉलमध्ये भरले. 'कौन्सिल' हे आता केवळ वरिष्ठ सभागृहाचे नाव उरले. पुढे १९४६ च्या सामाजिक निर्बंध निवारणाच्या कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यावर अस्पृश्य म्हणून अडवणे हा गुन्हा ठरवला. बोल्यांच्या शिफारशीला दंडाचे बळ मिळण्यास दोन तपांचा अवधी लागला.

७/ आज असेंब्ली म्हणजे विधानसभा, सदस्य २८८; कौन्सिल म्हणजे विधान परिषद, सदस्य ७८. विधानसभेलाच विधिमंडळ म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो अपुरा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६८ नुसार राज्यपाल व ही दोन्ही सभागृहे मिळून विधिमंडळ होते.

८/ 'सभागृहात एकमताने ठराव संमत' अशी बातमी आजही वाचावयास मिळते. कुरकुंभच्या मतदाराने असो वा मुंबईच्या, ती वाचताना एवढेच पाहावे : झाली ती शिफारस की झाला तो कायदा? महाडच्या तळ्यावर याच फरकाची किंमत माणसांनी रक्ताने मोजली होती.