आंग्र्यांच्या नावाचं प्रवाळ

अकोला-अमरावतीपासून समुद्र पाच-सहाशे किलोमीटर लांब. आपल्याला प्रवाळ ठाऊक ते अंगठीतलं पोवळं म्हणून. हे लाल पोवळं मूळचं भूमध्य समुद्रातलं. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातून ते गोव्यात यायचं आणि बदल्यात इकडचे हिरे तिकडं जायचे. आज मात्र बोलायचंय ते आपल्या कोकणासमोरच्या प्रवाळाबद्दल.

विजयदुर्गच्या पश्चिमेला, सुमारे १०० किलोमीटरवर पाण्याखाली एक मोठं पठार आहे. त्याचा माथा वीसेक मीटर खोलीवर आहे, त्यावर प्रवाळ आहे. नाव आंग्रिया बँक. सरखेल कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. कान्होजी १७२९ मध्ये गेले. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग जिंकला, तिथलं आरमार जळालं. समुद्राच्या नकाशावर नाव मात्र आंग्र्यांचंच राहिलं.

दुसरं प्रवाळ मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. इथलं पाणी उथळ, पावसाळ्यात नद्यांच्या गाळानं गढूळ होणारं. त्यामुळं इथं चिवट जातीच तग धरतात. आंग्रियावरचं पाणी नितळ. साहजिकच दोन्हीकडचा माशांचा गोतावळाही सारखा नाही.

मग ही दोन वेगळी घरं का? तसं नाही बरं का. प्रवाळातल्या बऱ्याच माशांची अगदी बारीक पिल्लं कित्येक दिवस प्रवाहाबरोबर वाहतात आणि जागा मिळेल तिथं वस्ती करतात. काही जातींच्या तांबोशीची पिल्लं खाडीत, कांदळवनात वाढतात आणि मोठी झाली की खडकांकडं, प्रवाळाकडं जातात. पोपट मासा खडकावरचं शेवाळ खरवडतो, तेव्हा नव्या प्रवाळाला बसायला जागा होते.

आपल्याकडं चढणीचे मासे असतात ना, तसंच समजा. पहिल्या पावसात नदीतले मासे नाल्यात चढतात, अंडी घालतात. नाला बुजवला तर पुढं डोहही ओस पडतो.

आता कायद्याकडं बघा. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. पोटावर पाय येईल म्हणून स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, आणि त्यांची भीती उगाच नव्हती. २००१ मध्ये प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आलं. पण अभयारण्याची तरतूद किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या पाण्यापुरती. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडं.

म्हणजे माशांचं एकच बिऱ्हाड, आणि आपण राखायचं ठरवलं ते फक्त ओसरीचं! खाडी, किनारा आणि आंग्रिया यांचा विचार एकत्र व्हायला हवा, आणि तो मच्छीमारांना सोबत बसवून. नाहीतर नकाशावर आंग्र्यांचं नाव तेवढं उरेल.

भेटू पुढच्या भागात.