कोरी चिप आणि तिचें बोर्ड

पाटी आणि ताम्रपट यांतला भेद कोणाला समजावून सांगावा लागत नाहीं. ताम्रपटावर कोरलेलें अक्षर शेंकडों वर्षें टिकतें. पण कोरणाऱ्याचा हात चुकला असेल तर ती चूकहि तितकींच वर्षें टिकते. पाटीवरचें अक्षर चुकलें तर ओल्या बोळ्यानें पुसून पुन्हां लिहितां येतें. इलेक्ट्रॉनिक चिपांच्या जगांत दीर्घकाळ ताम्रपटांचेंच राज्य होतें. एखाद्या यंत्राला त्याच्यापुरती खास चिप हवी असली तर तिचा आराखडा कारखान्याकडे धाडावा, महिनोन् महिने वाट पाहावी, आणि चिप हातीं आल्यावर एका जोडणींत चूक सांपडली तर सारें पुन्हां आरंभावें, अशी रीत होती. लहानसहान कामांसाठीं मोनोलिथिक मेमरीज या कंपनीनें १९७८ सालीं ‘पॅल’ नांवाच्या चिपा काढल्या होत्या. त्यांतील सूक्ष्म तारा निवडून जाळावयाच्या व उरलेल्या तारांतून हवी ती जोडणी साधावयाची. पण जळलेली तार पुन्हां जुळत नसे. १९८४ मध्यें अल्टेरा कंपनीनें अतिनील किरणांनीं पुसतां येणारी चिप आणली. ती पाटीच्या जवळ आली खरी. पण तिच्यांत मावणारें काम थोडें होतें.

त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत रॉस फ्रीमन, बर्नार्ड व्हॉन्डरश्मिट आणि जेम्स बार्नेट या तिघांनीं झायलिंक्स ही कंपनी स्थापन केली. फ्रीमन हे पूर्वीं झायलॉग कंपनींत होते. त्यांची कल्पना त्या काळच्या शहाण्या लोकांना उधळपट्टीची वाटण्याजोगी होती. चिपेवर लहान लहान कोरे विभाग मांडावे, त्यांच्यामध्यें जोडतारांचें जाळें पसरावें, आणि कोणता विभाग काय करील व कोणती तार कोणाला जोडेल हें चिप विकत घेणाऱ्यानेंच आपल्या टेबलाशीं बसून ठरवावें! यांत पुष्कळ ट्रॅन्झिस्टर नुसते सोयीसाठीं खर्ची पडत, आणि ट्रॅन्झिस्टर त्या वेळीं फुकट मिळत नव्हते. फ्रीमन यांचा हिशेब असा कीं, ते दिवसेंदिवस स्वस्तच होत जाणार. महाग राहणार तो माणसाचा वेळ. तो हिशेब अचूक ठरला. व्हॉन्डरश्मिट यांचें धाडस दुसऱ्या प्रकारचें होतें. स्वतःचा कारखाना न बांधतां जपानच्या सैको कंपनीकडून चिपा करून घ्यावयाच्या, असें त्यांनीं ठरविलें. १९८५ सालीं ‘एक्ससी २०६४’ ही ६४ विभागांची चिप बाजारांत आली. पुढें या जातीला ‘फील्ड प्रोग्रॅमेबल गेट ॲरे’, म्हणजेच एफ. पी. जी. ए., हें नांव रूढ झालें. फ्रीमन १९८९ मध्येंच वारले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मालिकेंत त्यांचें नांव जावयाला २००९ साल उजाडलें.

या कोऱ्या विभागाच्या पोटांत असतें तरी काय? एक कोष्टक. चार तारा आंत येत असतील तर त्यांच्या ‘आहे–नाहीं’च्या १६ स्थिति संभवतात. प्रत्येक स्थितीपुढें उत्तर ‘एक’ कीं ‘शून्य’ एवढें लिहून ठेवलें कीं तो विभाग हवें तें तर्ककार्य करूं लागतो. पाढे पाठ असलेला मुलगा गुणाकार करीत बसत नाहीं, उत्तर आठवतो. तशांतलाच हा प्रकार. मात्र बहुतेक एफ. पी. जी. ए. चिपांत हीं कोष्टकें वीज गेली कीं पुसलीं जातात. म्हणून शेजारीं एक टिकाऊ स्मृतिचिप ठेवावी लागते, आणि वीज आल्याबरोबर ती सारा धडा पुन्हां लिहवून घेते.

येथेंच बोर्डाची गरज उत्पन्न झाली. एकटी चिप पायांच्या झुबक्यासारखी असते. तिला निरनिराळ्या दाबाची वीज, नियमित ठोके देणारें घड्याळ, टिकाऊ स्मृति आणि बाहेरच्या जगाशीं बोलण्याचीं दारें लागतात. पुढें पुढें चिपेचे पाय तिच्या पोटाखालीं शेंकड्यांनीं आले, तेव्हां घरच्या डाकणीनें तिला जोडणें हातोहात कुशल माणसालाहि अशक्य झालें. मग चिप, वीज, घड्याळ आणि दारें एकाच पट्टींत बसवून विकण्याचा उद्योग उभा राहिला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांतील पुलमन या विद्यापीठाच्या गांवीं २००० सालीं निघालेली डिजिलेंट ही अशीच एक कंपनी. विद्यार्थ्याला परवडेल असें बोर्ड करावें हा तिचा मूळ उद्देश होता. तैवानच्या तेरासिक कंपनीनें अल्टेराच्या चिपांसाठीं तेंच केलें.

बोर्ड निवडतांना नवशिका मनुष्य चिपेचें नांव वाचून थांबतो, आणि तेथेंच फसतो. डिजिलेंटचींच दोन बोर्डें शेजारीं ठेवावीं: बेसिस-३ आणि आर्टी. दोहोंवर आर्टिक्स-७ घराण्यांतील तीच चिप मिळते, तिच्यांत तेच ३३,२८० तर्ककण. पण बेसिस-३ वर १६ कळा, १६ दिवे, चार आंकड्यांची प्रकाशपट्टी आणि पडद्याला जोडण्याचें दार आहे; आर्टीवर दिव्यांचा थाट कमी, पण २५६ मेगॅबाइट स्मृति आणि नेटवर्कचें दार आहे. तर्कशास्त्राचा पहिला धडा गिरवावयाचा असेल तर कळ दाबली कीं दिवा लागतो यासारखा गुरु नाहीं. तेथें बेसिस-३ उत्तम. पण यंत्राच्या पोटांत बसून काम करणारा संगणक रचावयाचा असेल, म्हणजे ज्याला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात ती, तर त्या चिपेच्या अंगच्या २२५ किलोबाइट स्मृतींत मोठा प्रोग्रॅम मावत नाहीं. दिव्यांनीं सजलेलें बोर्ड मग शोभेपुरतें उरतें. २०११ मध्यें झायलिंक्सनें झिंक ही चिप जाहीर केली. तिच्यांत दोन तयार एआरएम प्रोसेसर आणि कोरी तर्कभूमि एकाच घरांत नांदतात. २०१२ च्या झेडबोर्डावर तीच होती. हिशेबठिशेब, नेटवर्क, फाइली हें प्रोसेसरनें पाहावें आणि क्षणाक्षणाला अचूक ठोक्यावर व्हावयाचें काम तर्कभूमीनें करावें, ही वांटणी तेव्हांपासून सोपी झाली.

दुसरी एक गोष्ट बोर्डावर छापलेली नसते. चिपेंत आराखडा उतरविणारें सॉफ्टवेअर चिपेच्या कंपनीचेंच असतें. झायलिंक्सनें २०१२ मध्यें व्हिवाडो हें नवें सॉफ्टवेअर आणलें व जुन्या आय. एस. ई. ची अखेरची आवृत्ति २०१३ मध्यें काढली. स्पार्टन-६ आणि त्याहून जुन्या चिपा व्हिवाडो ओळखतच नाहीं. स्वस्तांत मिळालें म्हणून जुनें बोर्ड घेणारा मनुष्य त्याच्याबरोबर दहा-बारा वर्षांपूर्वींचा संगणक-संसारहि विकत घेतो. या परावलंबनावर २०१५ सालीं प्रथम मोठा घाव पडला. लॅटिस कंपनीच्या आइस-४० या लहान चिपेची गुप्त लिपि कांहीं स्वतंत्र लोकांनीं उलगडून आइसस्टॉर्म या नांवानें सर्वांस मोकळी केली. चिप लहान, पण तिची किल्ली आपल्या खिशांत, हें सुख त्यापूर्वीं कोणाला नव्हतें.

बोर्डाच्या निवडीवर केवढें कार्य अवलंबून असूं शकतें हें पाहावयाला मात्र जुन्नर तालुक्यांत खोडदला गेलें पाहिजे. तेथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जी. एम. आर. टी. च्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. कोणत्याहि दोन तबकड्यांचे संदेश एकमेकांशीं ताडून पाहावे लागतात. अशा जोड्या होतात ४३५. प्रारंभींच्या यंत्रणेंत हें काम ठराविक कामापुरत्याच घडविलेल्या चिपा करीत आणि एका वेळीं ३२ मेगॅहर्ट्झचाच पट्टा पाहतां येई. पुढें हेंच गणित सामान्य संगणकांच्या समूहाकडे सोंपविण्यांत आलें. पण २०१० च्या दशकांत दुर्बिणीचा कायापालट करून पट्टा ४०० मेगॅहर्ट्झपर्यंत वाढवावयाचा ठरला तेव्हां प्रश्न बिकट झाला. एका संदेशाचे सेकंदाला ८० कोटी नमुने, आणि प्रत्येक तबकडीचे दोन असे ६० संदेश. म्हणजे सेकंदाला ४,८०० कोटी नमुने!

तेथें निवडलेलें बोर्ड होतें ‘रोच’. बर्कली विद्यापीठाभोवती जमलेला कॅस्पर हा खगोलशास्त्री मंडळींचा संघ आणि दक्षिण आफ्रिकेंतील दुर्बीण-एंजिनियर यांच्या सहकार्यांतून तें जन्मलें. त्यावर झायलिंक्सची व्हर्टेक्स-५ चिप आहे. त्याचें महत्त्व चिपेहून दारांत अधिक. नमुने घेणाऱ्या कार्डांसाठीं दोन खुंट्या आणि १० गिगाबिटचीं चार नेटवर्क-दारें त्याला होतीं. खोडदच्या मंडळींनीं सारें काम या बोर्डाच्या गळ्यांत बांधलें नाहीं, हा त्यांचा विवेक. नमुने घेऊन, त्यांच्या पुड्या बांधून नेटवर्कवर सोडणें एवढेंच रोचकडे दिलें. जड गणित खेळांच्या संगणकांतून आलेल्या जी. पी. यू. चिपांकडे गेलें, कारण खगोलशास्त्र्याला आपलें गणित वरचेवर बदलावेंसें वाटतें आणि तें बदल जी. पी. यू. वर लवकर होतात. शिवाय त्याच बोर्डावर जगांतल्या अनेक दुर्बिणींवरील लोक काम करीत असल्यानें एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगीं पडे. जून २०२३ मध्यें स्पंदक ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून अतिमंद गुरुत्वलहरींच्या अस्तित्वाचा पुरावा प्रसिद्ध झाला, त्यांत भारतीय गटाचीं निरीक्षणें या सुधारलेल्या दुर्बिणीचींच होतीं.

झायलिंक्स २०२२ मध्यें एएमडी कंपनींत विलीन झाली. अल्टेराला २०१५ मध्येंच इंटेलनें विकत घेतलें होतें. रोचचीं धाकटीं भावंडें व्हर्टेक्स-६ व व्हर्टेक्स-७ घेऊन आलीं. त्यांतलें ‘स्कारॅब’ दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशांतील मीरकॅट दुर्बिणीला लागलें. खुद्द रोचवरची व्हर्टेक्स-५ मात्र व्हिवाडोच्या ओळखीची नाहीं. तिच्यांत एक ओळ बदलावयाची तरी आय. एस. ई. चालेल असा जुना संगणक जपून ठेवावा लागतो.