बालकवींची ‘औदुंबर’ : निसर्गप्रतिमा आणि अनुच्चारित भाव

धरणगाव येथे १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात ‘बालकवी’ ही उपाधी लाभली. पुढे त्यांच्यावर ‘निसर्गकवी’ हा शिक्काही बसला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो अपुरा आहे.

‘उदासीनता’ या कवितेत भावनेचे नाव शीर्षकातच येते. ‘औदुंबर’मध्ये मात्र ते कोठेच नाही. टेकड्या, झरा, गाव, शेतमळे, पायवाट आणि अखेरीस पाण्यात पाय सोडून बसलेले झाड. आठ ओळींत एवढेच. तरीही पायवाट डोहाकडे वळताच रंग गडद होतो, आणि ते झाड विरक्त की खिन्न, हा प्रश्न वाचकापुढे उभा राहतो.

चिनी काव्यपरंपरेस ही रीत परिचित आहे. आठव्या शतकातील वांग वेई निर्जन डोंगर आणि शेवाळावरचा उतरता प्रकाश दाखवून थांबतो. सतराव्या शतकातील वांग फूझी तर भाव व दृश्य ही नावे दोन, वस्तुतः अविभाज्य, असे मानतो. येथे प्रभाव सुचवावयाचा नाही. साम्य रीतीचे आहे.

५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला. त्या अंतावरून ‘औदुंबर’मधील डोहाचा अर्थ लावण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा, कविता त्याआधीची आहे.