ग्रेपच्या जन्माची गोष्ट

गेले दोन आठवडे ऑफिसात एकाच गोष्टीवर डोकं फोडतोय. आमच्या एडिटरमध्ये एकाच वेळी अनेक डॉक्युमेंट्समध्ये शोधायची सोय द्यायची आहे. माझं डिझाइन सरळ होतं: सगळ्या फाइल्स मागच्या मागे उघडायच्या आणि शोधाचा आहे तोच कोड प्रत्येकीवर चालवायचा. वीस फाइल्सना झकास चाललं. दोन हजार फाइल्सना मशीनने मान टाकली. काल वैतागून जुना इतिहास चाळत बसलो, तर हेच दुखणं बेल लॅब्समध्ये पन्नास वर्षांपूर्वी होतं!

तेव्हा युनिक्सवर केन थॉम्प्सनने लिहिलेला 'एड' नावाचा एडिटर होता. त्यात रेग्युलर एक्स्प्रेशनने शोधता यायचं. कमांड अशी: 'जी' म्हणजे ग्लोबल, मग दोन तिरक्या रेघांमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (थोडक्यात 'आरई'), आणि शेवटी 'पी' म्हणजे प्रिंट. सलग वाचा... ग्रेप!

पण एड एका वेळी एकच फाइल उघडणार. त्यांचे सहकारी ली मॅकमहन यांना 'फेडरलिस्ट पेपर्स' तपासायचे होते. १७८७-८८ मधले, अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लिहिलेले ८५ लेख. त्यातला कुठला हॅमिल्टनचा आणि कुठला मॅडिसनचा, हा जुना वाद. शब्दांच्या सवयींवरून लेखक ओळखायचा, तर सगळे लेख चाळायला हवेत. तो सगळा मजकूर साधारण एक मेगाबाइट. आज हसू येईल, पण एडला तो झेपेना.

ब्रायन कर्निघन सांगतात, की थॉम्प्सनने एडमधला शोधाचा कोड बाहेर काढून एका रात्रीत वेगळा प्रोग्रॅम केला. थॉम्प्सन स्वतः मात्र २०१९ मध्ये म्हणाले, की डग मॅकिलरॉय यांनी अशी मागणी केली तेव्हा तो प्रोग्रॅम त्यांच्याकडे आधीच होता! "रात्रभर विचार करतो" म्हणाले आणि थोडी डागडुजी करून दुसऱ्या दिवशी दिला. काही असो, १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत ग्रेप आला.

मला भावली ती त्यातली साधी युक्ती. एक ओळ वाचा, जुळली तर छापा, विसरा, पुढची घ्या. फाइल कितीही मोठी असो, फरक पडत नाही. आणि फाइल्स अनेक असतील तर ओळीआधी फाइलचं नाव. बस्स. पुढे ईमॅक्सने हीच यादी एडिटरमध्ये आणली आणि त्या ओळीवर थेट उडी मारायची सोय केली. म्हणजे शोध बाहेर, उडी आत.

खोट एकच. दोन ओळींत तुटलेला वाक्प्रचार ग्रेपला सापडत नाही. कोडमध्ये हे चालून जातं, डॉक्युमेंटमध्ये नाही. म्हणून मी ओळीऐवजी परिच्छेद घेणार.

असो. उद्या सोमवार. दोन आठवड्यांचा कोड फेकून द्यायचाय, आणि ते बॉसला मीच सांगायचंय.