वीज जाणे हाच थांबण्याचा आदेश

४ मार्च २०२४ रोजी तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे ५०० मेगावॅट क्षमतेच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर अणुभट्टीचा गाभा भरण्यास प्रारंभ झाला. या भट्टीतील सुरक्षा-दांडे विद्युतचुंबकांनी वर धरून ठेवलेले असतात. चुंबकांचा प्रवाह खंडित होताच ते स्वतःच्या वजनाने गाभ्यात उतरतात आणि विखंडनाची साखळी थांबते. कारखान्यातील क्रेन, लिफ्ट आणि यंत्रमानवाचा हात यांतील स्प्रिंगचे ब्रेकही याच तत्त्वावर चालतात. हे तत्त्व रुजण्यासाठी मात्र माणसांचे प्राण जावे लागले.

१८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस यांनी आपण उभे असलेल्या उद्वाहकाचा दोर सर्वांसमक्ष कापवला. दोराच्या ताणाने वाकलेली स्प्रिंग मोकळी होऊन बाजूच्या दात्यांत अडकली आणि फळी जागीच थांबली. आगगाडीत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८६९ च्या ब्रेकला लागण्यासाठी नळीत दाब भरावा लागे. नळी तुटली की ब्रेकही गेला. १८७२ मध्ये त्यांनी ही योजना उलटी केली. आता दाब ब्रेक सोडवून ठेवी आणि दाब गेला की ब्रेक लागे.

तरीही अनेक कंपन्या जुन्या पद्धतीलाच धरून राहिल्या. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीला निघालेली गाडी चढावर अडली. तिचे डबे दोन भागांत सोडवताच मागच्या भागाचा साधा निर्वात-ब्रेक निकामी झाला. हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड पुरे पडले नाहीत. डबे उतारावरून मागे धावत येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मृत्यू पावले. त्यांत मुले बरीच होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित अखंड ब्रेक सक्तीचे केले.

विजेच्या यंत्रांत दाबाची जागा विद्युतचुंबकाने घेतली. स्प्रिंग लोखंडी पट्टीला घर्षणचकतीवर दाबून धरते. कॉइलमधून प्रवाह गेला की चुंबक पट्टी मागे ओढतो आणि शाफ्ट मोकळा होतो. निवड करताना पहिला प्रश्न टॉर्कचा असतो. उभ्या भारासाठी ब्रेकचा धारण-टॉर्क भाराच्या टॉर्कच्या सामान्यतः दुप्पट घेतात. दुसरा प्रश्न उष्णतेचा. ०.०५ किलोग्रॅम-वर्गमीटर जडत्वाचे यंत्र मिनिटाला १५०० फेऱ्यांवरून थांबवताना सुमारे ६१७ जूल ऊर्जा चकतीत मुरते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. म्हणून तासाला किती वेळा थांबायचे, हे आधी ठरवावे लागते.

पट्टी आणि चुंबक यांतील फट मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच असते. चकती झिजली की फट वाढते. लोखंडातील विरोध दुर्लक्षिला, तर दुप्पट फटीला ओढ एक चतुर्थांशच उरते. मग ब्रेक पूर्ण सुटत नाही, घासत राहतो आणि तापतो. फटीची नियमित मोजणी त्यासाठीच असते. चकतीवर तेल किंवा ग्रीस उडाले तर घर्षण घटते आणि टॉर्कचा हिशेब कागदावरच राहतो.

जोडणीतही धोका आहे. एसी बाजूने प्रवाह तोडला, तर कॉइलमधील साठलेली ऊर्जा रेक्टिफायरमधून फिरत राहते आणि ब्रेक उशिरा लागतो. तेवढ्या वेळात लटकता भार खाली सरकतो. डीसी बाजूने तोडल्यास ब्रेक लवकर लागतो, पण उसळणाऱ्या व्होल्टेजसाठी संरक्षक घटक लागतो. मोटर वारंवारिता-नियंत्रकावर चालत असेल, तर तिच्या अग्रांवर व्होल्टेज सतत बदलते. ब्रेकला स्वतंत्र पुरवठा द्यावाच लागतो.

एक मर्यादा उरतेच. वीज गेल्यावर स्प्रिंग भार धरते, पण झिजलेली चकती किंवा तुटलेला शाफ्ट ती ओळखू शकत नाही. म्हणून दुरुस्तीपूर्वी भार खाली टेकवतात किंवा यांत्रिक आधाराने अडकवतात, आणि हाताने ब्रेक सोडवण्याचा दांडा कधीही बांधून ठेवत नाहीत. तो बांधला, की दीडशे वर्षांपूर्वी बदललेली योजना पुन्हा उलटी होते.