झबलं, टोपडं, कुंची : लेकराच्या कपड्यांची गोष्ट

आज आपण लेकराच्या कपड्यांचा इतिहास बघू. इतिहास म्हटलं की राजे, किल्ले, लढाया आठवतात. झबल्याचा कसला आलाय इतिहास, असं आमच्या गटाच्या बैठकीतही काही जणी म्हणाल्या. पण अंगावर पहिला कपडा कोणी चढवला, तो कुठल्या कापडाचा होता, ते कापड घरात कसं आलं, हे विचारत गेलो की आपल्या आज्या-पणज्यांचं सगळं जगणंच समोर येतं.

अडचण एवढीच की या इतिहासाचा पुरावा उरत नाही. राजाची तलवार उरते, झबलं उरत नाही. एका लुगड्याचं आयुष्य आठवून बघा. आधी ते बाईने नेसायचं. विरलं की मधून फाडून कडेचे भाग जोडून, म्हणजे दंड घालून, पुन्हा नेसायचं. त्याहून विरलं की चांगल्या भागाचं लेकराला झबलं, काठाचं टोपडं, उरलेल्याचं दुपटं नाहीतर वाकळ. मग त्याचंच बाळुतं. बाळुतं फाटलं की सारवायला पोतेरं, आणि अगदीच चिंध्या झाल्या की चुलीपुढचा काकडा. नऊवारीचा हात-दोन हातसुद्धा वाया जायचा नाही. म्हणून मागे ठेवायला काहीच राहिलं नाही, आणि ज्या बायांनी हे सगळं हाताने शिवलं त्यांची नावंही कुठे लिहिलेली नाहीत.

राहिले ते शब्द. अंगडं, टोपडं, झबलं, कुंची, लंगोट, दुपटं, बाळुतं. लेक बाळंतपणाला माहेरी आली की परत पाठवताना माहेरने द्यायचा तो बाळंतविडा. त्यात लेकराचे कपडे, दुपटी, गादी-उशी आणि ऐपतीप्रमाणे बाकीचं. काही घरांत पाचवीला सटवाई पुजल्याशिवाय लेकराला शिवलेलं घालत नाहीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळतात. नवं कापड पहिल्यांदा घालायचं नाही, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या जुन्या कापडाचं झबलं करायचं, म्हणजे त्याचं आयुष्य लेकराला लाभतं, हीही जुनी समजूत. समजुतीचं बाजूला ठेवलं तरी त्यात हिशोब होता. कोऱ्या कापडाला खळ असते, ते खरखरीत असतं. शंभर वेळा धुतलेलं धोतर लोण्यासारखं मऊ होतं. आणि खरं सांगायचं तर बहुतेक घरांत नवं कापड घ्यायला पैसेच नव्हते. गरिबीला बायांनी रीतीचं नाव दिलं, असं आम्हाला वाटतं.

शिवणकामाचा सगळ्यात मोठा माणूस तर आपल्याच भागातला. संत नामदेव शिंपी घराण्यातले. नरसी हे त्यांचं गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत ते आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची पदं आहेत आणि त्यांत गज, कात्री, सुई, दोरा ही धंद्यातली हत्यारं येतात. त्यांच्या घरी राबणाऱ्या जनाबाई गंगाखेडच्या, म्हणजे सोनपेठहून अगदी जवळच्या. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी या गोदाकाठच्या माणसांना शिवणाची भाषा चांगली ठाऊक होती. पण शिंप्याचा धंदा गावात मुख्यतः पुरुषांच्या आणि खास प्रसंगाच्या कपड्यांचा. लेकराचं झबलं शिंप्याकडे कोण नेणार? ते घरच्या बाईने, कामं उरकल्यावर, धावदोरा घालत शिवायचं.

कापड कुठून यायचं? कापूस आपल्याच रानातला. परभणी-नांदेड भागातला गावरानी कापूस लांबवर प्रसिद्ध होता. घरोघरी नसलं तरी गावोगावी सूत निघायचं आणि साळी-कोष्टी विणायचे. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे आपल्या जिल्ह्यातून सुरू झाली आणि चित्र पालटलं. कापसाच्या गाठी भरभरून बाहेर जाऊ लागल्या आणि गिरणीचं कापड आत येऊ लागलं. नांदेडला निजामाच्या नावाची उस्मानशाही मिलही निघाली. आपला कापूस जायचा आणि कापड होऊन, भाव चढून, आपल्याकडेच परत यायचा.

त्या कापडातलं लेकरांचं कापड म्हणजे मांजरपाट. काही म्हाताऱ्या बाया मादरपाटही म्हणतात. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरच्या बाजूला माधवपालेम नावाचं गाव होतं. तिथलं सुती कापड इंग्रज व्यापारी परदेशात न्यायचे आणि त्या गावाचं नाव कापडाला पडलं. आपला मादरपाट त्याच नावाचा, असं सांगतात. गंगाखेडच्या घाटावरून वाहत जाणारी गोदामाय जिथे समुद्राला मिळते, तिथल्या गावाचं नाव आपल्या लेकराच्या झबल्याला!

आता मशीन. अमेरिकेत आयझॅक सिंगर नावाच्या माणसाने १८५१ साली आपल्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. एकोणिसावं शतक संपायच्या आत ते यंत्र मुंबईत विकायला आलं. विकणाऱ्यांची पंचाईत अशी झाली की इथे धोतर, लुगडं, पागोटं सगळं बिनशिवलेलं. शिवायचं आहेच काय? म्हणून मशीन आधी शिंप्यांकडे गेलं आणि बायांच्या हातात यायला फार वर्षं लागली. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका विद्यार्थ्याशी बोलताना शिवणयंत्राला मात्र अपवाद मानलं. बायकोचा टाके घालायचा जाच बघवेना म्हणून सिंगरने ते प्रेमापोटी केलं, असं ते म्हणाले. सिंगरने प्रेमापोटी केलं की पैशापोटी, हा वाद राहू द्या. बायांच्या कंटाळवाण्या कामाकडे गांधीजींचं लक्ष गेलं, हे आम्हाला मोठं वाटतं. १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग कंपनीने देशी ‘उषा’ मशीन काढलं आणि पुढे तेच घरोघर दिसू लागलं.

बायांनी मशीन शिकावं, त्यावर चार पैसे मिळवावेत, हा विचार महाराष्ट्रात आधी पुण्याकडे रुजला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली-बायांना शिवण, विणकाम, छपाई अशी कामं शिकवली. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथेही शिवणाचे वर्ग होते. विधवा बाई, टाकलेली बाई स्वतःच्या पायावर उभी राहायची तर सुईच्या आधाराने, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्या मराठवाड्यात मात्र निजामाचं राज्य. शाळाच थोड्या, त्याही बहुतेक उर्दू, मुलींच्या तर अगदी मोजक्या. पुण्याच्या बायका मशीनवर टीप मारत होत्या तेव्हा आपल्या पणज्या चिमणीच्या उजेडात हातानेच शिवत होत्या.

त्यात दुसऱ्या महायुद्धाचा काळ आला. १९४३ पासून देशात कापडावर कंट्रोल आला. कापड मापून मिळायचं, काळ्या बाजारात भाव दुप्पट-तिप्पट. आमच्या गटांतल्या वयस्कर बाया अजून ‘कंट्रोलचं कापड’ म्हणतात ते त्यांच्या सासवांच्या तोंडून ऐकलेलं. अशा वेळी मोठ्यांचं फाटकं लेकरांच्या अंगावर जायचं, पण बाहेरून कळू न देता. फाटका भाग आत दुमडायचा, काठ वर घ्यायचा. साधारण त्याच्या थोडं आधी, १९३० च्या मंदीत, अमेरिकेतल्या शेतकरी बायाही पिठाची सुती पोती उसवून लेकरांना कपडे शिवत होत्या. ते बघून पिठाच्या कंपन्यांनी पोत्यांवर फुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. श्रीमंत देशातली माय आणि सोनपेठची माय, दोघींचं डोकं सारखंच चाललं.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. १९५२ पासून सामूहिक विकास योजना आली, ग्रामसेविका आल्या, महिला मंडळं निघाली आणि त्यांच्याबरोबर शिवणवर्गही. कागदावर बेतायचं, मग कापडावर. पहिला धडा बहुतेक ठिकाणी झबल्याचाच, कारण त्याला कापड कमी लागतं आणि चुकलं तरी नुकसान थोडं. पुढे १९७५ ला माविम आलं, नंतर बचत गट आले. आज आपल्या गटांत कर्जाने घेतलेली मशीनं आहेत, पण त्यांवर काय शिवतो? ब्लाऊज, फॉल-पिको, पिशव्या. लेकराचे कपडे जवळजवळ नाहीतच.

ते का थांबलं? सत्तरच्या दशकात टेरीकॉट आलं, विरत नाही, इस्त्री लागत नाही म्हणून सगळ्यांनी घेतलं. साड्याही नायलॉन, पॉलिस्टरच्या झाल्या. पॉलिस्टरची साडी जुनी झाली तरी तिचं झबलं होत नाही, घाम टिपत नाही, लेकराला घामोळं येतं. म्हणजे घरातलं मऊ जुनं कापडच संपलं. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्याही बसत गेल्या. मग तिरुपूरसारख्या ठिकाणचे होजिअरीचे कपडे आठवडी बाजारात ढिगाने आले, स्वस्त आणि रंगीत. थकलेल्या बाईने ते घेतले यात आम्ही दोष काढत नाही. हाताने शिवणं म्हणजे काही पुण्य नाही, कष्टच आहेत. पण रेडिमेडमध्ये एक वस्तू मिळेना झाली, ती म्हणजे कुंची. तिच्याविषयी जरा थांबून बोलायला पाहिजे.

कुंची म्हणजे डोक्यापासून पाठीपर्यंत एकच पांघरूण. टोपी डोकं झाकते, मान उघडी राहते. कुंची डोकं, कान, मान, पाठ सगळं झाकते. सणासुदीला खणाची, गोट लावलेली. रोजची जुन्या लुगड्याची, दुहेरी. तांड्यावरच्या लमाण बाया टोपड्याला कवड्या, आरसे लावतात, तो त्यांचा वेगळा थाट. आजकाल बारशाच्या फोटोपुरती कुंची उरली. खरं तर तिचं काम थंडीतलं. नवजात लेकराचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, तिथून ऊब लवकर जाते. अडीच किलोच्या आतलं लेकरू तर पटकन गार पडतं, दूध ओढेनासं होतं. आणि आपली परभणी थंडीत काही मागे नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथला पारा चार अंशांच्या खाली गेला होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत बसवली. गावच्याच बायांना शिकवलं. जंतुदोष ओळखणं, औषध देणं, श्वास अडकला तर मदत करणं हे सगळं त्यात होतं, आणि लेकराला उबदार ठेवायची शिवलेली पिशवीही होती. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवस ठरावीक दिवशी घरी येते, ती पद्धत त्यातूनच निघाली. एकट्या पिशवीने हे झालं नाही, पण ती पिशवी बघितली की आम्हाला ती कुंचीची बहीण वाटते.

दसरा झाला की आपल्या सोनपेठ, गंगाखेड, पालम भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तान्ही लेकरं बरोबर जातात. पहाटे माय फडात आणि लेकरू कोपीत नाहीतर बांधावर, ऐन थंडीत. त्या लेकरांसाठी टोळ्या निघायच्या आत आपण कुंच्या शिवायच्या, असं आमच्या गटांनी ठरवलंय.

बेत सोपा आहे. सुती कापड ३० इंच लांब, २४ इंच रुंद, आत दुसरा थर जुन्या धोतराचा. रुंदीची घडी घालून १२ इंच करा आणि वरची १२ इंचाची कड शिवून टाका, झालं डोक्याचं टोक. मानेच्या मागे चार चुण्या घ्या. टीप बाहेरच्या बाजूला ठेवा, आतली शिवण लेकराच्या कानाला टोचते. गळ्याशी लांब नाडी नको, ती आवळते. चार बोटं रुंदीची पट्टी पुरे. मणी, घुंगरू, टिकल्या, सेफ्टी पिन काही नको, लेकरू तोंडात घालतं. लेकराला कुंचीत गुंडाळल्यावर तोंड-नाक मोकळं आहे ना ते बघायचं आणि ऊन चढलं की काढायची.

घरातल्या सुती साड्या, धोतरं गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून पुढच्या बैठकीला आणा. कुंची कुठल्या लेकराला द्यायची त्याला किती महिने झाले, तेवढं चिठ्ठीवर लिहून लावा, म्हणजे डोक्याचं माप धरता येईल.